पहिल्या दोन पिशव्या

भाविकाने बाबांच्या मोडीत काढलेल्या टेम्पोतली ब्रेकची छोटी स्प्रिंग शाळेत आणली. घरचं मिठागर असल्यामुळे वजनांचीही सोय झाली. मिठाच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या आईने शिवून दिल्या. खिळ्याला स्प्रिंग, स्प्रिंगला पिशवी आणि शेजारी मोजपट्टी. जितका भार, तितकी लांबी वाढते, असं आठवीचं पुस्तक सांगत होतं.

पहिली पिशवी लावली. स्प्रिंग ढिम्म. दुसरी लावली, तरी ढिम्मच.

"भावे, तुजी स्प्रिंग झोपली हाय काय गं?" जोडीदार केतन खिदळला.

तिसऱ्या पिशवीला मात्र वेढे सुटले आणि पुढे दर पिशवीला स्प्रिंग सारखीच लांबत गेली.

विज्ञानाच्या कल्पिताबाई हरखल्या. "अगं, हिचे वेढे एकमेकांना घट्ट आवळून वळलेत. ते सुटायलाच आधी जोर लागतो. पुस्तकात नाही हे! डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं, बरं का."

भाविकाने ऐटीत पहिल्या दोन पिशव्यांपुढे शून्य लिहिलं. शून्याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं, तेव्हा बाईंनी तिच्या हाती कोरा तक्ता दिला. "पहिल्या पिशवीपासूनच लांबी वाढलेली दाखव. परीक्षक पुस्तकातलं बघतात गं. यंदा आपल्याला नंबर हवाय."

"पण बाई, ती तर हललीच नव्हती..."

"उगाच फाटे फोडू नकोस. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही."

बाईंनी सांगितलं, म्हणून तिने लिहिलं.

प्रदर्शनात परीक्षकांनी तक्ता वाचला. "छान. लाव बघू पहिली पिशवी."

स्प्रिंग हलली नाही. दुसरीलाही नाही.

"इथे तर वाढ लिहिलीय. हे आकडे कुणाचे?"

भाविकाने बाईंकडे पाहिलं. बाई सांगतील, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

"मुलांचेच, सर," बाई हसल्या. "नीट मोजा म्हणून किती सांगितलं! पण ही पोरगी भारी उतावळी."

केतनने मान खाली घातली. भाविकाच्या कानांतून वाफा निघाल्या. बाईंनी चार छड्या मारल्या असत्या, तर त्या तिने सोसल्या असत्या.

तिने तिसरी पिशवी अडकवली. वेढे सुटले.

"सर, ही तिसरीलाच सुटते. आम्ही बरोबर मोजलं होतं. तक्त्यावरचं खोटं आहे."

"मग खोटं का लिहिलंस?"

बाईंचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. ती पुन्हा थांबली, बाई आता तरी बोलतील म्हणून. बाई टेबलावरचा कपडा सारखा करत होत्या. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले.

परतीच्या एसटीत बाईंनी खिडकीजवळची जागा धरली. "भाविका, ये गं, बस इथे."

"नको, मॅडम."

शाळेतलं एकही पोर त्यांना मॅडम म्हणत नसे. बाईंनी चमकून वर पाहिलं. भाविका दांड्याला धरून उभी राहिली, गाव येईपर्यंत.