तारेवरचे बिब्बे

आमचे जावई वीरेश घरात आले की सासूच्या पाया पडत नाहीत. आधी भिंतीवरच्या राऊटरच्या डब्याला हात जोडतात, त्याचे दिवे बघतात, मग "काय मामी, बरं हाय न्हवं?" म्हणून चहाची वाट बघत बसतात. चप्पल तशीच पायात. लिंगायताचा देव गळ्यात असतो, भिंतीवर लुकलुकत नसतो, असं मी एकदा बोलले. हसले. जावई म्हणजे मानाचा माणूस, म्हणून मी पुढं बोलले नाही. मला गप्प बसायची सवय नाही. त्यानं मला पित्त होतं.

रेणापुरात आमच्या भागात घरोघरी नेट देणारा माणूस एकच, आमचे जावई. माझी लेक दामिनी तिथं दिलेली, म्हणून लोक माझ्या तोंडावर बोलत नव्हते. पण कानावर यायचं. शंभराच्या स्पीडचे पैसे घेतात आणि पोरांचा ऑनलाइन तास दर घटकेला अडकतो. बोंब वाढली तसा जावयांनी दुरुस्तीचा माणूस आणायचा सोडून महाराज आणला.

वेगनाथ महाराज. मंगल कार्यालयात त्यांचा पहिला सोहळा झाला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एका काखेत लेकरू आणि दुसऱ्या काखेत राऊटर घेऊन आल्या होत्या. समोर पडद्यावर भलामोठा काटा. तो जावयांच्याच कंपनीच्या ॲपचा. काटा चारवर मरगळून पडलेला. महाराजांनी डब्याला विभूती फासली, डोळे पांढरे केले आणि ओरडले, "ही तार न्हाई रे पामरांनो, ही पृथ्वीची नाडी हाय! जाग, माते, जाग!"

काटा सरसर वर चढला. वीस, पन्नास, शंभर! हर हर महादेवचा असा गजर झाला की मांडवातली कबुतरं उडाली.

मागून कुणीतरी धीर करून विचारलं, "महाराज, काटा शंभर दावतोय, पण माझ्या पोराचा तास अडकूनच राहिलाय."

"अडकतंय ते तुझ्या मनात, बाळ. काटा कधी खोटं बोलतो का?"

लोकांनी त्या माणसाकडं असं बघितलं की त्यानं घरी जाऊन स्वतःलाच दोष दिला असेल. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. पण माझे मालक मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत्ये होते. काटा खोटं बोलतो, हे मला तिसरीच्या आधीपासून ठाऊक आहे. आणखी एक मी बघितलं होतं. विभूती लागायच्या आधी जावयांचा अंगठा मोबाईलवर फिरला होता.

जाताना महाराजांनी आवाज बारीक केला. "एका म्यानात दोन तलवारी राहत न्हाईत. एका घरात दोन तारा आल्या की नाडी कोपती. मग घर बसतं. मी सांगितलं न्हाई म्हणू नका."

त्या दिवसापासून गाव बदललं.

शेजारचे रामलिंग किराणावाले यांनी दुसऱ्या कंपनीची तार घेतली. सकाळी बघतात तर तार दारातच कापलेली आणि तुटक्या टोकाला लिंबू, मिरच्या, काळे बिब्बे ओवून बांधलेले. त्यांनी परत जोडून घेतली. परत तेच. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईनं त्या बिब्ब्यांचं ऐकलं आणि अन्नच सोडलं. रामलिंगनं हात जोडून तिसऱ्या दिवशी जुनं नेट घेतलं. पलीकडच्या नागम्माच्या दारातही तसंच झालं. मग दुसऱ्या कंपनीची माणसं गल्लीत यायचीच बंद झाली. शिडी दिसली की बायका दारं लावून घ्यायच्या. खांबाखालून जाताना पोरं मान वर करत नव्हती.

मी रामलिंगच्या दारातली ती माळ हातात घेऊन बघितली. सगळे ओरडले, "शिवम्मा, टाका ती!" मी टाकली. पण दोऱ्याची गाठ मला ओळखीची वाटली. वाकळ शिवताना मी तशीच गाठ मारते, उलटी, दोन वेढ्यांची. मी ती एकाच पोरीला शिकवली होती.

इकडं माझ्या घरात वेगळीच आग लागली होती. सून शिल्पा कॉम्प्युटरवरून परगावच्या पोरांना गणित शिकवते. माझा मुलगा गेल्यापासून घर त्या कमाईवरच चालतं. घरात मोबाईलला रेंज धरत नाही, सगळी मदार त्या डब्यावर. तास इतके अडकले की तिच्या शिकवणीच्या कंपनीनं कळवलं, आणखी एकदा असं झालं की काम बंद. शिल्पानं नातीचे कपडे भरायला घेतले.

"आई, पुण्याला खोली घेते. इथं राहून भागायचं न्हाई."

"आणि मी?"

ती कपड्यांची घडी घालत राहिली. मी त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीला तार टाकायला सांगितली.

जावई लगेच आले. बरोबर दामिनी. ती उंबऱ्यापाशीच थांबली, माझ्याकडं बघेना.

"मामी, दुसरी तार घेऊ नका. तुमच्या घरात काही वाईट झालं तर मला बघवणार न्हाई." आवाज अगदी गोड. माझ्या अंगावर काटा आला. "महाराजांनाच आणतो. शिल्पाचा तास सुरू असतानाच विभूती लावू. गल्लीलाबी दिसू द्या."

मी म्हणाले, आणा.

सकाळी अंगण भरलं, दारात ॲपच्या काट्याचा मोठा पडदा मांडला. आत शिल्पाचा तास सुरू, कॉम्प्युटरवर पोरांची तोंडं. महाराजांनी विभूती फासली, पांढरे डोळे, पृथ्वीची नाडी, सगळं झालं. काटा शंभरावर गेला आणि गजर झाला. तेवढ्यात जावयांचा फोन वाजला.

"काय? लातूर रोडला? जेसीबीनं? पूर्णच तुटली?" त्यांनी पाठ फिरवली, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

आत शिल्पा ओरडली, "आई, गेलं! सगळी थिजली!" कॉम्प्युटरवरची पोरं तोंड उघडं ठेवून दगडासारखी झाली होती. भिंतीपलीकडून रामलिंग ओरडतच अंगणात आले, "आमचंबी गेलं!" गल्लीभर तीच हाक.

मी महाराजांसमोर उभी राहिले. "महाराज, काटा परत लावा की."

जावई म्हणाले, "मामी, आता नको."

"का? नाडी दमली का?"

महाराजांना फोनचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ऐटीत काट्याच्या बटणावर बोट टेकवलं. काटा सरसर चढला. शंभर!

गावातलं नेट मेलेलं आणि काटा शंभरावर नाचतोय.

"शिल्पा, बाहेर ये. हे काय हाय, सगळ्यांना सांग."

शिल्पा दारात आली. "हा काटा आपल्या घरापासून दाजींच्या ऑफिसातल्या मशीनपर्यंतच मोजतो. तिथून पुढं लातूरला, मुंबईला जायची वाट केवढी, किती लोकांत वाटलेली, उघडी का बंद, हे तो बघतच न्हाई. म्हणून वाट तुटली तरी शंभर. आणि विभूतीआधी चार दिसतं, कारण तोवर ऑफिसातून दाबून ठेवलेलं असतं. फोनवरून सोडलं की काटा चढतो."

"खोटं हाय!" महाराज ओरडले. "दोन तारांचा कोप हाय हा! बिब्बे कुणी बांधले मग? भुतानं!"

"मी ओवले." दामिनी उंबऱ्यातून बोलली. "बिब्बे आमच्या घरचे. दोरा माझा. तार ह्यांनी कापली, माळ मला ओवायला लावली. म्हाताऱ्या माणसानं अन्न सोडलं ऐकलं, तवापासून मलाबी घास उतरंना."

रामलिंग तिथंच खाली बसले. महाराज विभूतीची थैली काखेत मारून मागच्या दारानं निघाले. नागम्मानं कडी आधीच लावून ठेवली होती.

जावई पुढं सरकले. डोळ्यात कसलाच पश्चात्ताप नव्हता. हळूच म्हणाले, "मामी, लेक माझ्या घरात नांदतीय, इसरू नका."

मी दामिनीचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले:

"जावईबापू, मोंढ्यात ज्याचा माल त्याच्याच काट्यावर कुणी तोलून घेत न्हाई. माझ्या मालकांच्या काट्यावर दरसाल सरकारचा शिक्का पडायचा. तुमच्या काट्यावर कुणाचा हाय? सोयाबीनच्या बोलीला एकच खरेदीदार उभा राहिला तर भाव तोच पाडतो, हे पोरालाबी कळतं. म्हणून तर तुम्ही दुसऱ्याची शिडी गल्लीत येऊ देत न्हाई. लोकहो, हात डब्याला जोडू नका, प्रश्नाला जोडा. कुठून कुठपर्यंत मोजलं, कुणी मोजलं, आणि दुसरा दुकानदार का न्हाई, हे विचारा. आणि जावईबापू, उद्या माझ्या दारात दुसरी तार येतीय. ती तुटली तर मी देवऋषाकडं जाणार न्हाई, ठाण्यात जाईन, आणि बिब्बे ओवणारी माझी लेक माझ्या शेजारी उभी असंल. आता बाहेर व्हा. आणि ह्या घरात परत पाय ठेवायचाच असंल, तर चप्पल काढून."