घरचं सोडून बोल

त्या सकाळी आईने बारकीची वेणी दोनदा सोडून पुन्हा घातली. पोरगी वैतागली, तरी तिसऱ्यांदा घातली. वैद्यकीय महाविद्यालयात आज बारकीची मुलाखत होती. लेखी परीक्षेत तिने भरपूर गुण मिळवले होते, पण जागा मिळणं न मिळणं आता या मुलाखतीवर होतं.

बारकीची आई त्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तळघरातल्या शवागारात प्रेतं धुवायची. तिची सासूही तेच करायची, आणि सासूची सासूही. कुणाचंही माणूस गेलं की शहराला याच घरच्या बायका लागत. काम उरकलं की मात्र त्यांच्या हातचं पाणी कुणाला चालत नसे. दुकानदार सुटे पैसेसुद्धा हातात न देता फळीवर ठेवायचा. आणि ही सगळी चांगली शिकलीसवरलेली माणसं, बरं का!

पूर्वी इथे प्रवेश देताना मुलगा कुठल्या घरातून आलाय हे बघून सवलत देत. बारकीचा थोरला भाऊ तसाच आत गेला होता. वर्गात त्याचं नाव पडलं 'फुकट्या'. उत्तर चुकलं तर सवलतीचा म्हणून, आणि बरोबर आलं तर कुणाचं तरी बघितलं म्हणून. शेवटी पोरगा कंटाळून ट्रक चालवायला निघून गेला. दुसरीकडे, जास्त गुण असून ज्यांच्या मुलांची जागा हुकली त्या आईबापांनी तक्रारी केल्या. त्यांचं दुःखही काही खोटं नव्हतं. मग नवा नियम आला. मुलाखतीत घर, आईबाप, वस्ती यांविषयी अवाक्षर काढायचं नाही. बारकीला हा नियम मनापासून पटला होता. मला कुणाची मेहेरबानी नको, असं तिने आईला ठणकावून सांगितलं होतं.

बाहेरच्या बाकावर ती बसली होती. दार अर्धवट लोटलेलं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. तिच्या आधी एका डॉक्टरांचा मुलगा आत होता. तो सांगत होता, की तो दवाखान्यातच लहानाचा मोठा झाला आणि बाबांसोबत उभं राहून त्याने ऑपरेशनं बघितली. हा आता गेला कामातून, असं बारकीला वाटलं. तिला त्याची दयाच आली. आतून मात्र कौतुकाचे हुंकार येत होते.

मग तिचा नंबर आला. समितीचे अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांचे, स्वभावाने अगदी गरीब असे डॉक्टर. त्यांनी स्वतः तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि डॉक्टर का व्हायचंय ते विचारलं.

"माझी आई..." बारकीने सुरुवात केली.

"घरचं सोडून बोल, बाळा," ते मायेने म्हणाले. "तुझं स्वतःचं सांग."

आता हिने स्वतःचं काय सांगावं? आई कामावरून आली की सांगायची, आज एक बाळंतीण आली होती, एवढीशी पोर, कुणी वेळेवर बघितलं असतं तर जगली असती. ते ऐकून बारकीला घास गिळवत नसे. डॉक्टर व्हायचं तिने तिथेच, ताटावर बसून ठरवलं होतं. त्यातून आई काढून टाकली तर उरतं काय? त्यांनी छंद विचारले, प्रवास विचारला, कधी रुग्णसेवा केली आहेस का म्हणून विचारलं. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं तिनेच केलं होतं, पण तेही घरचंच. प्रामाणिक पोर ती! नियम तिने अक्षरशः पाळला आणि मान खाली घालून गप्प बसली.

ती गेल्यावर समितीतल्या एक प्राध्यापिका भांडल्या. "त्या मुलाच्या बाबांचा दवाखाना चालतो, आणि हिची आई चालत नाही?"

अध्यक्ष खरोखरच बुचकळ्यात पडले. "अहो, त्याने घराबद्दल कुठे सांगितलं? त्याने त्याची आवड सांगितली."

मतं घेतली. बाई एकट्या पडल्या.

निकाल लागल्यावर आई आयुष्यात पहिल्यांदा तळघरातून वरच्या मजल्यावर गेली आणि अध्यक्षांच्या दाराशी उभी राहिली. ते खुर्चीतून उठले. माणूस सज्जन होता, तेच तर मोठं दुखणं आहे.

"साहेब, माझ्यामुळे राहिली का हो पोर?"

"छे, छे. ती कुणाची मुलगी हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, बाई."

आपण हिला धीर देतोय, असं त्यांना वाटत होतं. आईने हात जोडले आणि जिना उतरून ती परत तळघरात कामाला लागली.

पुढे औषधांच्या पाण्याने आईचे हात सोलून निघाले आणि तिचं काम सुटलं. घर तर चालायला हवं. बारकी रुग्णालयाच्या कचेरीत गेली. कारकुनाने गुण विचारले नाहीत, छंद विचारले नाहीत.

"कुणाची गं तू?" एवढंच त्याने विचारलं.

तिने आईचं काम सांगितलं.

"मग प्रश्नच मिटला," तो हसून म्हणाला. "तुमच्या घरचंच काम हे. उद्यापासून ये."

वाचकहो, उद्या तुमच्या-आमच्या घरचं कुणी गेलं, तर त्या तळघरात बारकीच उभी असेल. आपल्या माणसाला ती हळुवार हातांनी स्वच्छ करून आपल्या स्वाधीन करील. तेव्हा तिच्या नजरेला नजर देऊन, तुझ्यावर अन्याय झाला नाही, असं आपल्यापैकी कोण म्हणू शकेल?