नंतरचा आवाज

“आधी लॅपटॉप पूर्ण पुसावा लागेल, आई,” सून म्हणाली, आणि माझ्या हातातली सुई थेट बोटात गेली.

“पुसायचा म्हणजे?”

“कोरा करायचा. मग तो कपाटावर पडून राहील, आणि त्यातलं सगळं तुम्हाला घरात कुठेही फोनवर ऐकता येईल.”

“आणि ह्यांचे आवाज?”

“ते आधी दुसरीकडे काढून ठेवते, मग परत भरते.”

माझा काडीचा विश्वास बसला नाही.

आमचे हे शिलाई मशीनचे मिस्त्री. चाळीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त केली. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी एक खूळ काढलं होतं. मशीन उघडण्याआधी त्याचा आवाज लॅपटॉपवर भरून घ्यायचा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा भरायचा. सुरुवातीला दुखणं सांगायचं, “शाळेतल्या बाईंचं मशीन, खोकतंय,” “गादीवाल्याचं, लंगडतंय.” आणि नंतरच्या आवाजाच्या शेवटी ठरलेलं वाक्य, “झालं. घेऊन जा.” मी म्हणायचे, “मशीनं ऐकता, तसं कधी बायकोचंही ऐका.” त्यावर हे म्हणायचे, “तुला तेल कुठून घालायचं तेच मला अजून कळलेलं नाही.”

त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. फोटो पुष्कळ आहेत, पण फोटो बोलत नाहीत. आवाज होता तो फक्त त्या लॅपटॉपात. त्याची बिजागरी तुटलेली, अर्धा पडदा काळा. लावायला गेले आणि कायमचा बंद पडला तर, या धास्तीने मी त्याला हातच लावत नव्हते.

सुनेने दोन रविवार त्यात घातले. फुगलेली बॅटरी काढली, लॅपटॉप कोरा केला, आवाज परत भरले आणि झाकण बंद करून, पण आतून चालूच ठेवून, तो कपाटावर ठेवला. मग मला म्हणाली, आता बघा. मी स्वयंपाकघरात होते. फोनवर बोट ठेवलं आणि हे बोलले, “गादीवाल्याचं, लंगडतंय.” कांदा चिरत होते हे बरं, डोळ्यांचा जाब कुणाला द्यावा लागला नाही.

महिनाभर मी सगळी कामं त्या खटखटीच्या सोबतीने केली. पण कपाटावर धूळ साचायला लागली. ह्यांनी मला लग्नानंतर पहिलं काय शिकवलं असेल, तर काम झालं की मशीन झाकायचं. जीव राहीना. जुन्या चादरीची दुपदरी खोळ हाताने शिवली, नाड्या लावल्या आणि लॅपटॉपला घट्ट घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर काहीच येईना. स्टुलावर चढून खोळ काढली, तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि आतला पंखा गप्प. त्यानंतर तोंडात घास गेला नाही.

सून दवाखान्यात एक्स-रे काढते. संध्याकाळी ती चपला काढत होती, तेवढ्यात मी म्हणाले, “मी मारला गं त्याला.” आणि खोळ पुढे केली.

तिने ती उलटसुलट पाहिली. “टाके सुरेख आहेत. पण आई, त्याला श्वास घ्यायचा असतो. तुम्ही त्याचं नाकच बांधलंत.”

“आवाज गेले ना?”

“तो मेला असता तरी आवाज गेले नसते. आमच्याकडे एक प्रत म्हणजे शून्य प्रत. दुसरी माझ्या कपाटात आहे, तिसरी माझ्या आईकडे.”

“विहीणबाईंकडे? त्यांनी ऐकलं सगळं?”

“तिचंही मशीन आहे त्यात. ‘विहीणबाईंचं, कुरकुरतंय.’”

मी रडता रडता हसले. या मुलीला पहिली दोन वर्षं मी नको नको ते बोलले होते. तिने त्यातलं काही मनात ठेवलं नाही, आणि माझ्या माणसाचा आवाज मात्र तीन ठिकाणी जपून ठेवला. पोटच्या पोरानेही हे केलं नसतं. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, “चहा टाकते.”

लॅपटॉप गार झाल्यावर सुरू झाला. सगळं जागेवर आहे ना हे बघताना ती थांबली. “प्रत्येक मशीनचे दोन आवाज आहेत. फक्त एका मशीनचा एकच आहे.” आणि तिने तो लावला.

“हिचं मशीन. कण्हतंय. उद्या बघतो.”

त्याच ‘उद्या’ला ह्यांना दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. तेव्हापासून माझं मशीन कोपऱ्यात झाकलेलंच होतं. दुसऱ्या मिस्त्रीचा हात मी त्याला लागू दिला नव्हता.

चहा तसाच राहिला. मी मशीनवरचं कापड काढलं. बॉबिन बाहेर काढली, खाली धाग्यांचा भुगा गच्च बसला होता, तो ब्रशने झाडला. तेलाचे थेंब कुठे सोडायचे ते चाळीस वर्षं बघत आले होते. बॉबिन बसवली आणि पाय चालवला. आधी अडखळलं, मग सरळ चालायला लागलं.

सून शेजारी फोन धरून आवाज भरून घेत होती. मी पाय थांबवला. तिने फोन खाली घेतला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“झालं,” मी म्हणाले. “घेऊन जा.”