उस्तादांचा मुका हंगाम

“कोणाचं हाड म्हणालीस?” खुर्चीत आडव्या पडलेल्या आमच्या ह्यांनी डोक्यावरचा दिवा हाताने बाजूला सारला. “नीट सांग बाई. वर गेल्यावर जाब मला द्यायचाय.”

“गाईचं, ओता. इमामसाहेबांना विचारून घेतलंय, चालतं म्हणाले. आणि दिव्याला हात लावू नका, तो आता पुन्हा पुसावा लागेल.” आमची ओयदिन बापाला ओता म्हणते. तिच्या तोंडावर मास्क होता, पण चिडली की तिच्या भुवया जुळतात, त्या जुळलेल्या होत्या.

“गाय कुठली?”

“ओता!”

“अगं, मर्गिलानची नसली म्हणजे मिळवली. आपल्याकडच्या गायी भारी आळशी.”

“अहो, जन्मभर पलाव ओरपलात, तेव्हा नाही विचारलंत कधी गाईचं गाव!” मी कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हटलं. नातेवाइकांनी बाहेर बसायचं असतं म्हणे. पण डॉक्टरच्या आईला बाहेर काढायची छाती त्या दवाखान्यात कोणाचीच झाली नाही. नर्स खुदकन हसली, ओयदिनने इंजेक्शन दिलं आणि आमचे हे, होलमात उस्ताद, गप्प झाले. लग्नानंतर त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

गप्प बसणं हा त्यांचा धर्मच नव्हे. नोकरी रेशमाच्या गिरणीत, बॉयलरवर. तिथे इतकी वर्षं कोळशाच्या धुरात उभे राहिले, पण तिथलं त्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही. गाव ओळखतं ते कर्णेवाला म्हणून. माणसाहून लांब पितळी कर्णा आभाळाकडे उचलून फुंकला की तीन मोहल्ल्यांना कळायचं, आज कोणाकडे तरी लग्न आहे, पहाटेच्या पलावाला चला. मर्गिलानमधली निम्मी लग्नं ह्यांच्या फुंकेने लागली. आमच्या घरात भांडणही त्याच पट्टीत व्हायचं.

मग उजवीकडच्या वरच्या दाढा गेल्या. ह्यांनी तारेची कवळी करून घेतली आणि गेल्या वसंतात, एका लग्नात, ऐन रंगात फुंकताना ती कवळी सटकन बाहेर येऊन नाचणाऱ्या पोरींच्या पायांत पडली. दुसरा कर्णेवाला एर्गाश, ह्यांचा जन्माचा वैरी, भर मांडवात ओरडला, “बघा बघा, उस्तादांचे दात नाचायला उतरले!” लोक हसून हसून लोळले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर ह्यांनी नानरोटीचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही, आणि मग मला हसल्याचं वाईट वाटलं.

ओयदिनने एक्स-रे काढला. ताश्कंदला शिकून आलेली आमची एकुलती एक मुलगी. म्हणाली, पक्के दात बसवायचे तर स्क्रू धरायला हाड पाहिजे, आणि तिथे हाडच उरलेलं नाही. वरच्या दाढा गेल्या की गालामागची हवेची पोकळी, ते सायनस, खाली उतरत येतं. मग बाजूने बारीक खिडकी पाडायची, सायनसचा तळ हळूच वर उचलायचा आणि खाली हाडाचा चुरा भरायचा. काही महिन्यांनी त्याचं पक्कं हाड होतं, मग त्यात दात. उचलायचा तो पापुद्रा अंड्याच्या कवचाच्या आत असतो ना, तेवढा पातळ. फाटला तर सगळी मेहनत पाण्यात.

“मग करून टाक,” हे म्हणाले.

“मी नाही. घरच्या माणसावर हात चालत नाही, ओता. ताश्कंदला माझे सर आहेत.”

“आणि बाहेरचं कोण येतंय तुझ्याकडे?”

खरंच होतं ते. दात उपटायला लोक यायचे. पण “पोरगी आहे, डोळ्याखाली भोक पाडणार म्हणे,” असं म्हणून ह्या कामासाठी सगळे गाड्या करून ताश्कंद गाठायचे. तिची नवी हत्यारं कपाटात तशीच पडली होती. रोज संध्याकाळी ती घरी यायची, चहा घ्यायची आणि बोलायची नाही. आईला काय ते कळत नाही?

हे उठले, डोक्यावर टोपी चढवली आणि थेट चहाखान्यात जाऊन सगळ्यांदेखत सांगून आले, “माझ्या तोंडात माझी ओयदिन हाड भरणार आहे. ज्याला बघायचंय त्याने बघायला या.” झालं! आता मागे फिरायची सोय नव्हती. काम साधलं तर मुलीचं नाव होणार, आणि फसलं तर तिने गाव सोडलेलं बरं. बापाचंच तोंड बिघडवलं म्हटल्यावर दुसऱ्याने तिच्यापुढे तोंड उघडलं असतं का?

तर मी त्या स्टुलावर बसून पाहत होते. आधी बघवेना. मग बघतच राहिले. लहानपणी कपबशी धरायची तर फोडून ठेवणारी माझी पोर, तिचे हात असे चालत होते की जणू बाळाच्या अंगावरचं पांघरूण बाळ न उठता काढतेय. ना घाई, ना थरथर. मध्येच तिने श्वास रोखला. मीही रोखला. मग ती नर्सला म्हणाली, “शाबूत आहे. चुरा द्या.” माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! वाटलं, बाहेर जाऊन मीच कर्णा फुंकावा.

शेवटचा टाका घालून ती खुर्चीच्या समोर येऊन बसली. “आता ऐका, ओता. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. आणि कर्ण्याला हात लावायचा नाही. हाड धरेपर्यंत नाही. एक फुंक मारलीत की आतला दाब वाढून पापुद्रा फाटेल, चुरा निघून येईल. कळलं?”

ह्यांनी सुजलेल्या तोंडाने मान हलवली. ओयदिनचं लग्न पुढच्या वसंतात ठरलेलं होतं, तोवर हाड धरणार होतं. आपल्या मुलीच्या लग्नात कर्णा फुंकायचा, हे एकच तर त्यांच्या डोक्यात होतं.

पण देवाच्या मनात वेगळंच. रिश्तोनहून निरोप आला की नवऱ्या मुलाच्या आजीने अंथरूण धरलंय, नातसून डोळ्यांनी बघायची म्हणते, लग्न लगेच उरका. नाही कसं म्हणणार? टाके निघून आठवडाही झाला नव्हता. ओयदिन रडायलाच लागली. “मी जरा थांबले असते तर, ओता... तुमचं मन...”

“माझ्या मनाला काय धाड भरलीय?” हे म्हणाले. “म्हाताऱ्या बाईला ताटकळत ठेवायचं असतं का?” मग अंगणात जाऊन द्राक्षाच्या वेलाखाली बराच वेळ उभे राहिले. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी एर्गाशच्या दारात गेले. मी सोबत होते. तो खाटेवर बसून खरबूज कापत होता.

“या, उस्ताद! ऐकलं ते खरं? पोरीने बापाचं तोंड शिवून टाकलं म्हणे!”

“शिवलं होतं. आणि टाक्यांची खूण बघशील तर इथल्या अतलस रेशीम विणणाऱ्यांनी लाजावं. बघायचीय?” आणि ह्यांनी खरंच त्याच्यासमोर आ केला! एर्गाशने सुरी ठेवली, वाकला, चांगलं निरखून पाहिलं.

“च्यायला,” तो म्हणाला. “दिसतसुद्धा नाही.”

“जुम्म्याला माझ्या मुलीचं लग्न आहे. कर्णा तू फुंकायचास.”

एर्गाशने खरबुजाची सगळ्यांत गोड फोड ह्यांच्यापुढे केली.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. कर्णेवाल्याच्या दारात भाड्याचा कर्णा! लग्नाच्या दिवशी मी ह्यांचा कर्णा रजयांच्या ढिगाखाली दडपून ठेवला आणि डोळ्यांत तेल घालून ह्यांच्या मागे फिरत राहिले. माणूस माझा आहे, मला त्याचा भरवसा नव्हता.

दुपारी रिश्तोनची मंडळी आली. डफ वाजू लागले, सनई लागली. एर्गाशने कर्णा उचलला, पण त्याच्यासोबत फुंकणारा जोडीदार कंबर धरून घरी पडलेला, आणि एर्गाश तरी आता कुठला तरुण? हात थरथरायला लागले, कर्ण्याचं तोंड खाली खाली येत गेलं आणि सूर आभाळाऐवजी गटारात पडू लागला. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्यात मोहल्ल्यातला कोणीतरी ओरडला, “उस्ताद, घ्या की तुम्ही! स्वतःच्या पोरीसाठी एकच फुंक!” मग काय, सगळेच. “एका फुंकेने काय होतंय!” “पोरगी सासरी निघाली, उस्ताद!”

एर्गाशने फुंकणं थांबवलं. स्वतःचा कर्णा त्याने दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरला. त्यात टोमणा नव्हता, ते मी शपथेवर सांगेन.

ह्यांनी तो घेतला. माझ्या हातात मिठायांचं तबक होतं, ते तसंच राहिलं. कर्णा ह्यांच्या ओठांजवळ गेला. छाती भरलेली मला दिसली.

मग ह्यांनी श्वास हळूच तोंडाने सोडून दिला. फुंकायचं टोक एर्गाशच्या हातात परत दिलं, स्वतः चालत पुढे गेले आणि कर्ण्याचं जड तोंड आपल्या खांद्यावर घेतलं. शिकाऊ पोरं घेतात तसं.

“माझ्या तोंडात माझ्या मुलीचं काम चाललंय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “ते मी मोडायचा नाही. एर्गाश, फुंक! रिश्तोनला ऐकू गेलं पाहिजे.”

आणि एर्गाशने कर्णा फुंकला. असा त्याने आयुष्यात फुंकला नव्हता. अंगणाच्या भिंतीवरची कबुतरं उडून गेली.

ओयदिनला बाहेर आणलं. पांढऱ्या बुरख्याखाली ती रीतीप्रमाणे तीनदा वाकली. ह्यांनी एका हाताने कर्णा धरला आणि दुसरा उचलून आशीर्वाद दिला, आणि मग त्यांचा बांध फुटला. डोळे वाहायला लागले, डोळ्यांपाठोपाठ नाक. हात सवयीने डगल्यातल्या रुमालाकडे गेला. तेवढ्यात बुरख्यातून आवाज आला. रडका होता, पण हुकमी होता.

“ओता, शिंकरायचं नाही. वर ओढायचंही नाही. वाहू द्या.”

ह्यांचा हात खाली आला. शर्टाचं बटण उघडं ठेवून कधी उंबरा न ओलांडणारा हा माणूस, दोन गावांची माणसं समोर, आणि मिशीवरून हनुवटीपर्यंत सगळं वाहत होतं. ताठ उभे होते. कर्णा खांद्यावर गर्जत होता. ओयदिनला सासरी नेणारी गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी ते हलले नाहीत.

मी पुढे होऊन ओढणीचं टोक त्यांच्या तोंडाला लावू लागले. “अहो, पुसलेलं चालतं. मी विचारलंय तिला.”

त्यांनी माझा हात बाजूला केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “डॉक्टरबाई म्हणाल्या, वाहू द्या.”