देवरावांच्या खालची चौकट

देवराव रामटेके गेले, तेव्हा त्यांच्या मुलाला, प्रफुलला, आपल्या पणजोबांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं, आणि वडील गेल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत ही गोष्ट त्याला सारखी बोचू लागली. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये तो, बायको रिना आणि आई बायनाबाई अशी तीनच माणसं उरली होती. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी रिनाला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात सगळं संपलं, आणि त्यानंतर दोघांनी तो विषय कधी काढला नाही. आपल्यानंतर हे घराणं थांबणार, तर ते आलं कुठून एवढं तरी कुठंतरी राहावं, असं काहीसं त्याच्या मनात होतं.

२००८ साल होतं. क्वार्टरमध्ये नुकताच ब्रॉडबँड आला होता. वंशावळ मांडून देणारी एक परदेशी साइट प्रफुलला सापडली, आणि वीजकेंद्रातली पाळी संपवून कंपनीच्या बसनं घरी आला की हातपाय धुऊन तो संगणकासमोर बसू लागला. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोसमटोला या आपल्या मूळ गावच्या मतदारयाद्या धुंडाळून त्यानं चुलत्यांची नावं काढली, जुने फोटो स्कॅन केले. सगळ्यात वर आजोबा इसरू, त्यांच्याखाली देवराव आणि बायनाबाई, त्यांच्याखाली वडशाला दिलेली थोरली बहीण नीला आणि शेवटी प्रफुल, जन्म १९६६. नावांच्या चौकटी एकमेकींना रेघांनी जोडल्या जात, आणि त्या रेघांकडे पाहताना त्याला वडील गेल्यापासून पहिल्यांदाच थोडं बरं वाटे.

एका दुपारी साइटनं कळवलं, की दुसऱ्या कुणाच्या वंशावळीतली काही माणसं तुमच्या माणसांशी जुळतात. भावकीतलं कोणीतरी असेल म्हणून त्यानं उत्सुकतेनं ती उघडली. इसरू, देवराव, बायनाबाई, नीला, सगळं जसंच्या तसं होतं. नीलाच्या शेजारी प्रफुलची चौकटही होती, पण ती गेलेल्या माणसांची असते तशी करड्या रंगाची होती, आणि तिच्यात १९६६ ते १९७० असं लिहिलं होतं. तिच्या शेजारी वारलू, जन्म १९६८. वारलूच्या बायकोचं नाव रिना. आणि दोघांच्या खाली, प्रफुलच्या वंशावळीत जिथं नुसती कोरी जागा होती तिथं, एक मुलगी होती. विशाखा.

त्यानं रिनाला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसतच आली, आणि पडद्याकडे पाहता पाहता तिचे हात पदरातच राहिले.

"कोणाचा चावटपणा आहे हा?" प्रफुल म्हणाला. "मले मारूनच टाकलं. पोरीचं नाव पण ठेवलं."

"हे नाव मी ठरवलं होतं," रिना हळूच म्हणाली. "तवाच. कोणालेच सांगतलं नव्हतं. तुमाले पण नाई."

त्या वंशावळीत एकच फोटो होता. तो त्यांच्याच हॉलमधला होता. खिडकीचा निळा पडदा, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, खाटेवर बायनाबाई, तिला टेकून हसणारी रिना, आणि दोघींच्या मागं उभा असलेला एक माणूस. त्याचा चेहरा प्रफुलचाच म्हणता आला असता. फक्त जरा भरलेला, आणि सुखी. असा फोटो त्या घरात कधी काढलेला नव्हता.

"काढला कोणी असन हा?" रिनानं विचारलं. "घरचे तं सगळे फोटोत आहेत."

प्रफुलनं तिथल्या तिथं निरोप लिहिला, की तुम्ही कोण आहात आणि हा काय प्रकार चालवला आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाषा साधी होती, रागाची नव्हती. *भाऊ, तुमी कोण आहा मले माहीत नाई. पण आमच्या प्रफुलचं नाव जिवंत म्हणून टाकू नका. आईले त्रास होते. वारलू.*

बायनाबाईला अलीकडे विसर पडत असे, पण माणसं ती ओळखायची. संध्याकाळी ती हॉलमध्ये चिंच फोडत बसली होती. प्रफुल तिच्याशेजारी टेकला.

"आई, वारलू कोण वं?"

तिनं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर परक्या माणसापुढं येतो तसला एक अदबशीर भाव आला. "तो ड्युटीवर गेला ना," ती म्हणाली. "येतेच आता. तुमी बसा ना भाऊ. चहा ठेवाले सांगतो."

तो उठून आत गेला. आईनं त्याला कधी भाऊ म्हटलं नव्हतं, आणि तुमी तर नाहीच नाही.

मग त्या घरात हळूहळू एक वेगळीच शांतता पसरत गेली. प्रफुल पाळीवरून आला की संगणक बंद असे, पण त्यावर हात ठेवला तर तो गरम लागे. रिना पूर्वीसारखीच वागत होती, जेवण वाढत होती, विचारलेल्याचं उत्तर देत होती, पण तिच्या चेहऱ्यावर एक तकाकी आली होती, आणि तिचं कारण आपण नाही हे त्याला कळत होतं. साइटकडे तक्रार करून ती वंशावळ काढून टाकायला लावतो, असं तो म्हणाला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "तिथी तं आहे ती."

त्यानं तक्रार केली नाही. रजा टाकली आणि चांदाफोर्टहून गाडी धरून वडशाला बहिणीकडे गेला.

नीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. वारलूचं नाव निघालं तशी ती उठली आणि तिनं अंगणाकडचं दार लोटून घेतलं.

"तुले कोणं सांगतलं?"

"म्हणजे होता?"

"दोघं होते तुमी. दीड-दोन वर्साचं अंतर. तापाची साथ आली तवा बाबानं मले मामाकडे सिरोंच्याले धाडलं. परत आली तं घरात एकच. दुसऱ्याले बांधावरच्या मोहाखाली पुरलं म्हणे." तिनं लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. "मी आईले म्हटलं, हा तं वारलू आहे, प्रफुल कुठी गेला? आईनं असं मारलं मले, का कान वाजत राह्यला. म्हणे, प्रफुल म्हण. तवापासून म्हणतो."

"बाई, मग मी कोण?"

नीलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, पण नजर त्याच्या चेहऱ्यावर टिकवली नाही. "आता काऊन विचारतं बाबू," ती म्हणाली. "प्रफुलच ना तू. एवढे वर्सं आम्ही प्रफुलच म्हटलं."

तिनं जेवायचा फार आग्रह केला, पण तो थांबला नाही. स्टेशनच्या वाटेवर एक सायबर कॅफे होता. आत बसून त्यानं आपली स्वतःची वंशावळ उघडली. त्याची चौकट करडी झाली होती. १९६६ ते १९७०. शेजारी वारलूची नवी चौकट आली होती, रिनाची रेघ तिकडे वळली होती, आणि खाली विशाखा होती. पासवर्ड त्याच्याशिवाय फक्त रिनाला ठाऊक होता. त्यानं घरी फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली, मग कुणीतरी उचलला, आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, रामटेके."

त्यानं फोन ठेवून दिला.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. नागभीडच्या पुढं जंगल लागलं, पानं झडलेली सागाची झाडं मागं पडत राहिली, आणि मोहाखाली पुरलेल्या त्या पोराला आपण तापात कधी शेवटचं पाहिलं असेल, हे तो आठवत राहिला. आठवलं ते उलटंच. वरून कोणीतरी वाकून बघतंय, आणि ते लहान आहे, आणि रडतंय.

चांदाफोर्टहून बस धरून तो ऊर्जानगरात उतरला तेव्हा ऊन कलतं होतं. बसमधल्या ओळखीच्या फिटरनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. क्वार्टरचा जिना चढताना वरून फोडणीचा वास आला, आणि आईचं हसू ऐकू आलं. देवराव गेल्यापासून ती हसली नव्हती. आत कोणीतरी काहीतरी सांगत होतं, आणि रिना मध्येच बोलत होती, भरभर, लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलायची तशी.

खिशातली किल्ली कुलपाला लागेना. त्यानं दारावर थाप मारली.

आतलं बोलणं थांबलं. "कोणी आलं वाटते," बायनाबाई म्हणाली. "वारलू, पाह्य गा."

"बसा तुमी," रिनाचा आवाज आला. "ती जाते."

हलकी पावलं धावत आली. कडी निघाली. दारात बारा-एक वर्षांची मुलगी उभी होती. कपाळ रिनाचं, हनुवटी देवरावांची. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि शिकवलेल्या अदबीनं म्हणाली,

"कोण पायजे, काका?"