शिवलेली पानं

आमचे बाबा शिंपी. ते पुस्तकंही शिवायचे. बांधायचे नव्हेत, शिवायचे. रद्दीवाल्याकडून गोष्टीचं एखादं पुस्तक आणलं की आधी स्वतः वाचणार, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मुलींनी वाचू नयेत अशी पानं सापडली की ती एकावर एक धरून मोकळ्या कडेने बारीक टाके घालणार. मग पुस्तक आमच्या हातात. तेवढी पानं पिशवीचं तोंड शिवावं तशी बंद.

धाकटीने आणि मी त्या टाक्यांना कधी हात लावला नाही. माराची भीती नव्हती. बाबांनी आम्हाला कधी चापटसुद्धा मारली नाही. पण त्यांचा टाका त्यांचाच. आम्ही उसवून परत शिवला असता तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं, आणि मग ते रागावले नसते, नुसते गप्प बसले असते. त्यांचं गप्प बसणं आम्हाला परवडणारं नव्हतं. घरात मोठं माणूस ते एकटंच होतं.

आई गेली होती. मेली नव्हती, गेली होती, घर सोडून. मी दुसरीत होते, धाकटी अजून बोबडं बोलायची. बाबांनी आम्हाला मशीनसमोर उभं केलं आणि सांगितलं, "आई गेली. ती आता यायची नाही. विचारायचं नाही." आम्ही विचारलं नाही. फक्त रोज संध्याकाळी खिडकीत बसायचो. मग हळूहळू तेही सुटलं.

गंमत म्हणजे बहुतेक पुस्तकांत शेवटचीच पानं शिवलेली असायची. आमच्या घरातल्या गोष्टींना शेवट नव्हते. अंथरुणात पडून आम्हीच ते लावायचो. धाकटीचं ठाम मत होतं की प्रत्येक गोष्टीच्या शेवटी लग्न असतं आणि लग्नानंतरचं जे काही असतं ते बाबांनी शिवून टाकलंय. मला ते पटलं होतं. पन्नाशी उलटली तरी पटलेलंच होतं.

मी शाळेत भाषा शिकवते. वर्गात मुलांना सांगते, वाचा, काय वाटेल ते वाचा. त्यांना जे फुकट मिळतं ते मला मिळालं नाही, हा राग मी नीट घडी घालून ठेवला होता, दोन शिवलेल्या पुस्तकांबरोबर. लग्न होऊन निघताना ती मी ट्रंकेत टाकली होती. आता तर कात्री माझी होती, घर माझं होतं, तरी उसवली नाहीत. पुराव्याला हात लावायचा नसतो.

यंदा आमच्या वाचनालयाने 'बंदी' नावाचा उपक्रम काढला. दर रविवारी वरच्या हॉलमध्ये जमायचं आणि कुठे ना कुठे बंदी आलेल्या एखाद्या पुस्तकावर बोलायचं. पहिल्या रविवारचं पुस्तक बंद झालं होतं ते त्यातलं गाढव एका मंत्र्याला ओळखीचं वाटलं म्हणून. औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, दर वेळी तेच बोलायचे, "बंदी घातली की खप वाढतो. माझ्या खोकल्याच्या औषधावर घाला की कुणीतरी." शेवटच्या रविवारचा विषय ग्रंथपाल बाईंनी ठरवला, घरातली बंदी. सरकार लांब असतं, त्या म्हणाल्या, घरात तुम्हाला जे वाचू दिलं नाही ते घेऊन या.

मी हात वर केला. वर्गातल्या हुशार मुलीसारखा, सगळ्यांच्या आधी.

"ताई, नको," धाकटी फोनवर म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ."

"मग ओठ चावले गेले हे सांगायचंच नाही का?"

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुझ्या मुठीत काय आहे हे तुला तरी माहितीये?"

तिने फोन ठेवला. आणखी काही बोलली असती तरी मी ऐकलं नसतं. मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी चार लोकांसमोर म्हणायला हवं होतं, चुकलं माझं. म्हणून मी त्यांना मुद्दाम बोलावलं. म्हटलं, आपल्या घरातली पुस्तकं दाखवायची आहेत, तुम्ही हवेत. त्यांना वाटलं असावं सत्कार आहे. स्वतः इस्त्री केलेला शर्ट घालून ते सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. धाकटी त्यांच्या शेजारी, मान खाली घालून.

मी छान बोलले. बोलायची सवयच आहे. आमच्या घरी सेन्सॉर खातं होतं, म्हटलं, आणि त्याचे प्रमुख आज हजर आहेत. लोक हसले. बाबाही हसले. मी पहिलं पुस्तक वर धरलं. त्याची मधलीच पानं शिवलेली होती. कात्री लावणार एवढ्यात बाबा उठले.

"थांब. कात्रीने पान फाटेल."

त्यांच्या खिशाला सुई असतेच. टेबलाशी उभं राहून त्यांनी एकेक टाका अलगद उसवला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. मी शोधून वाचलं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"कपाळाचं?" काका ओरडले. "अहो, एवढ्यासाठी दोरा वाया घालवला?"

हॉल दणाणून गेला. बाबांची मान खाली गेली होती, पण ते हसत होते, कान लाल झाले होते. मला तिथेच थांबता आलं असतं. हे मी आता रोज स्वतःला सांगते. पण लोक हसले की मला चढतं. मी दुसरं पुस्तक काढलं.

ते बघून बाबांचं हसू मावळलं. ते जवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले, "हे इथेच वाचायचंय का?"

"हो, इथेच," मी मोठ्याने म्हणाले.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. खुर्ची ओढली, बसले आणि उसवायला लागले. हे टाके जास्त बारीक होते. वेळ लागला. निघालेला दोरा ते डाव्या बोटाला गुंडाळत होते, आणि मी मागे उभी राहून लोकांना डोळे मिचकावत होते.

मग मी वाचायला लागले, तोच चेष्टेचा सूर लावून. "दार मोठ्या मुलीने उघडलं. बाहेर एक बाई उभी होती. 'किती उंच झालीस,' ती म्हणाली. मुलीने तिला आत घेतलं नाही आणि दारही लावलं नाही. मागून छोटीने विचारलं, 'कोण आलंय?' मोठी म्हणाली, 'आई.'"

तिथे माझा आवाज गेला. पान दिसेना. लोकांना वाटलं, मी मुद्दाम थांबलेय. "पुढे वाचा की," काका म्हणाले. शेवटी ग्रंथपाल बाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन पुढचं वाचलं. पुस्तकातली आई आत आली, पाणी प्याली, तिने छोटीचे केस विंचरले आणि ती राहिली. संपलं. टाळ्या झाल्या. बाबा पहिल्या रांगेत बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवत बसले होते. दुसरं कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं, कारण बाकीच्यांना त्यात बघण्यासारखं काही दिसलं नव्हतं. एक आई घरी आली, एवढंच तर होतं.

आम्ही तिघं चालत बाबांच्या घरी गेलो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, अजून तसंच आहे सगळं. बाबांनी दुकानाचा दिवा लावला आणि सवयीने मशीनसमोर बसले. धाकटी कपाटाकडे गेली. बाकीची पुस्तकं तिथेच होती, खालच्या खणात, आमच्या लहानपणच्या क्रमाने.

"बाबा, या सगळ्यांत ती परत येते?"

"जिथे यायची ते शिवायचो," बाबा म्हणाले. "जिथे मरायची ते उघडं ठेवायचो."

खरंच की. आमच्याकडे पुस्तकांतल्या आया किती मरायच्या! आम्ही रडायचो, आणि बाबा मशीन थांबवून आम्हाला रडू द्यायचे. मला ते तेव्हा प्रेमळपणाचं वाटायचं.

माझा पारा चढला. शरम वाटली की मी चिडते, ही माझी जुनी खोड. "आम्ही वाट बघू नये म्हणून? पुस्तकात आली म्हणून काही ती खरी येणार नव्हती, बाबा. एवढं कळत होतं आम्हाला."

"आली होती," बाबा म्हणाले.

धाकटी पुस्तक हातात धरून तशीच उभी राहिली.

"तू चौथीत होतीस. दुपारी आली, दुकानातच. तुम्ही शाळेत होता. म्हणाली, मुलींना बघू दे." ते मशीनवर हात फिरवत होते. "तुम्ही नुकतंच खिडकीत बसायचं सोडलं होतं. वर्ष लागलं होतं त्याला. मला वाटलं, ही आज येईल, उद्या परत जाईल, आणि या परत खिडकीत बसतील. मी म्हटलं, नको. चुकलं माझं."

हेच शब्द मला हवे होते. चार लोकांसमोर हवे होते. ते मिळाले आणि मला ते कुठे ठेवावेत कळेना. आई वारल्याला चार वर्षं झाली. तिच्याकडचं कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं आणि मी "बरं" म्हणून चहा ओतत राहिले होते. जी आपल्याला विसरली तिच्यासाठी कशाला रडायचं, असं मला वाटलं होतं. विसरली नव्हती. आली होती. ते मी तिला कधीच सांगू शकणार नाही, की मला माहीत नव्हतं.

"तो शेवट आमचा होता, बाबा," मी म्हणाले.

"हो."

धाकटी त्यांच्या पायाशी खाली बसली. लहानपणी बटणं वेचायला बसायची तशी. "काय म्हणाली ती? भांडली?"

"नाही भांडली. साडीवरचा थंडीचा कोट खांद्यावरून उतरत होता तिचा. मीच शिवलेला. फार वाळली होती. मी म्हटलं, काढ तो, खांदे आत घेऊन देतो. तेवढं करून देतो, मग जा."

"मग?"

"या स्टुलावर बसली. घड्याळाकडे बघत होती. शाळा कधी सुटते ते तिला माहीत होतं." बाबांनी चष्मा काढला आणि हातातच ठेवला. "सारखी म्हणत होती, घाई नाही, सावकाश शिवा. मला काही घाई नाही."

धाकटीने स्टुलाकडे पाहिलं.

"आयुष्यात मी एवढ्या घाईने कधी शिवलं नाही," बाबा म्हणाले.