निरंक समजण्यात येईल

संसदेत कुणी प्रश्न विचारला की मंत्री उठून उत्तर देतात, एवढं मी शाळेत नागरिकशास्त्रात शिकले होते. ते उत्तर लिहितं कोण, हे पुस्तकात नव्हतं. आता सांगते, मी लिहिते. म्हणजे दिल्लीचे साहेब लिहितात हो, भाषा त्यांचीच, पण आतला आकडा माझा असतो, आणि आकडा काढला तर त्या उत्तरात 'महोदय' सोडून काय उरतं?

मी संघप्रिया. माहेर भद्रावती, बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीतून रिटायर झाले. मी गडचिरोलीतल्या एका जंगलतालुक्यात तालुका आरोग्य कार्यालयात कंत्राटी डेटा ऑपरेटर आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही, ऑगस्टमध्ये कंत्राट रिन्यू व्हायचं असतं. औषधं सांभाळणाऱ्याची जागा चार वर्षं रिकामी आहे, म्हणून साठ्याचं रजिस्टर आणि मागणीपत्रंही माझ्याच गळ्यात. पगार मात्र एकाच कामाचा.

तर प्रश्न दिल्लीहून मुंबईला येतो, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून आमच्याकडे. वाटेत प्रत्येक टेबल आपापला वेळ खाऊन घेतं आणि आमच्या वाट्याला तास-दीड तास उरतो. पत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं. 'माहिती विहित मुदतीत प्राप्त न झाल्यास ती निरंक समजण्यात येईल.' निरंक म्हणजे शून्य, कळवण्यासारखं काही नाही. तेच वाक्य मी खाली सहा प्राथमिक आरोग्य केंद्रांना पाठवते. त्यातल्या तीन ठिकाणी पावसाळ्यात फोन लागत नाही. म्हणजे तिथे पावसाळाभर कुणी आजारी पडत नाही, साप चावत नाही, बाळंतीण अडत नाही. सगळं निरंक.

जुलैच्या शेवटी असाच एक प्रश्न आला. सिकलसेलच्या रुग्णांना रोज द्यायच्या कॅप्सूलचा तुटवडा आहे काय, असल्यास तालुकानिहाय तपशील. सकाळी पावणेबाराला मेसेज, एक वाजेपर्यंत उत्तर.

तपशील शोधायला मला उठायचीही गरज नव्हती. मागच्या कपाटात कॅप्सूलचं खोकं एकोणीस दिवसांपासून रिकामं होतं. मी टाइप केलं, 'तुटवडा आहे'.

आमचे वरिष्ठ सहायक गुणवंतराव मागे येऊन उभे राहिले. नोकरीची चौतीस वर्षं झालेली, वाईट माणूस नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रजा त्यांनीच सांभाळून घेतली होती.

"काय लिवून राह्यल्या म्याडम?"

"सर, साठाच नाई ना."

"नाई हे मले बी मालूम हाये. पन तुम्ही 'आहे' म्हनून लिवलं का पयले विचारतीन, मागनी कवा पाठवली? कवा पाठवली तुम्ही?"

मागणीपत्र मी चार दिवस उशिरा पाठवलं होतं. बहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. चार दिवस! आधीचं मागणीपत्र तीन महिने जिल्ह्यात पडून होतं, त्याबद्दल कुणी कुणाला विचारलं नव्हतं. पण माझे चार दिवस कागदावर होते आणि कंत्राट महिन्यावर आलं होतं.

"निरंक टाका अन मोकळे व्हा. माल येऊनच राह्यला हप्त्याभरात," गुणवंतराव म्हणाले.

मी 'तुटवडा आहे' खोडलं. निरंक लिहिलं आणि बारा चाळीसला पाठवून दिलं. नंतर डबाही खाल्ला, भेंडीची भाजी होती. लाज वाटते सांगायला, पण चांगली लागली होती.

त्या गुरुवारी बाजाराला पोचू आला. पोचू नदीपलीकडच्या पाड्यावरचा, वय साठीच्या पुढे. बांबूच्या टोपल्या, झाडू, हंगामाप्रमाणे चारोळी किंवा हिरडा घेऊन यायचा, आणि बाजार उरकला की आमच्या ऑफिसात. त्याची नात रंजीता आश्रमशाळेत दहावीला होती. तिला सिकलसेल. दुखणं उठलं की हाडांत कुणी खिळे ठोकतंय असं होतं, असं तिनंच मला एकदा सांगितलं होतं, हसत. रोजची कॅप्सूल सुरू झाल्यापासून ती वर्षभर शाळेत टिकली होती. पोचू दर वेळी रिकामी पाकिटं परत आणायचा. ती आणायची असतात असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण दिलेलं वाया घातलं नाही, हे दाखवल्याशिवाय नवीन मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"गोळ्या आल्या का, बाई?"

"पुढच्या आठवड्यात, पोचूभाऊ."

पुढच्या आठवड्यात कॅप्सूल आल्या नाहीत, मंत्र्यांचं उत्तर आलं. मी ते मोबाइलवर वाचलं. (क) औषधाचा तुटवडा आहे काय? नाही. (ख) असल्यास तपशील? प्रश्न उद्भवत नाही.

आता इथे आमच्या साहेबांनी, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी, एक चांगली गोष्ट केली. जिल्ह्यातून माल येत नसेल तर तालुक्याला बाहेरून थोडं औषध घेता येतं, फक्त 'जिल्हा भांडारात औषध उपलब्ध नाही' असा दाखला लागतो. साहेबांनी तो मागितला. चार दिवसांत उत्तर, आमच्याकडे इतक्या लवकर काहीच येत नाही. 'तुटवडा नसल्याचे सभागृहात सांगण्यात आले आहे. सबब त्याच्याशी विसंगत दाखला देता येणार नाही. सदर उत्तर आपल्याच कार्यालयाच्या माहितीवर आधारित आहे.'

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. तालुक्यात एक्केचाळीस जणांना ती कॅप्सूल लागत होती, आणि माझ्या एका शब्दानं त्यांचा बाहेरून औषध मिळायचा रस्ताही बंद झाला होता.

एक्केचाळीस जणांचं मी काय करणार? रंजीताचं तेवढं करू म्हटलं. भद्रावतीला गेले तेव्हा चंद्रपूरला उतरून एका औषधाच्या दुकानातून महिन्याच्या कॅप्सूल घेतल्या आणि गुरुवारी पोचूच्या हातात दिल्या. त्यानं त्या पटक्याच्या टोकात बांधल्या; गोळ्या तुटल्यापासून रंजीता शाळेतून येऊन पाड्यावरच होती. ऑगस्ट गेला, सप्टेंबरच्याही दिल्या. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. माणूस असाच असतो, एका पोरीला औषध दिलं की चाळीस जण विसरतो.

सप्टेंबरच्या शेवटी दोन गुरुवार पोचू आला नाही. तिसऱ्या गुरुवारी आला, टोपल्या न घेता. दारातच उभा राहिला.

"रंजीता गेली, बाई. छातीत दुखे म्हने, दम लागे. नदीले पूर होता."

मी मूर्खासारखं विचारलं, "अन गोळ्या? रोज घेत होती ना?"

"घे ना. चौथ्या दिवशी एक."

"चौथ्या दिवशी? रोज एक सांगतलं होतं ना मी!"

"पाड्यावर चार पोरायले हाये तो रोग," पोचू समजावणीच्या सुरात म्हणाला, जणू मीच लहान होते. "तुम्ही एकीच्याच देल्या. आमच्यात एकट्यानं खाता येत नाई, बाई. शिकारीचा बी वाटा सारखा पडते. तिनंच वाटून देल्या, तिच्या हातानं."

म्हणजे ती चारही पोरं निम्मं औषधसुद्धा घेत नव्हती. पाव घेत होती. आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. पाड्यावर आणखी कोण आजारी आहे, एवढं मी विचारलं असतं तर? यादी माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होती. मी फक्त आकडा बघत आले होते, गाव कधी बघितलं नव्हतं.

पोचूनं पटक्यातून रिकामी पाकिटं काढली आणि टेबलावर ठेवली. सगळी परत आणली होती.

"आता तिघं हायेत," तो म्हणाला. "त्यायच्यासाठी काही होते का पाहा."

डिसेंबरमध्ये संसदेच्या एका समितीनं याच रोगावर माहिती मागवली. या वेळी रकाना वेगळा होता, 'औषधाअभावी झालेले मृत्यू'. मी कुणाला विचारलं नाही. एक, असं लिहिलं. पुढे नाव, वय पंधरा, पाड्याचं नाव, औषध नसल्याचे दिवस, सगळं लिहिलं आणि पाठवून दिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

दुपारी दोनला परत आलं. 'माहिती मागील उत्तराशी विसंगत आहे. दुरुस्त करून चार वाजेपर्यंत फेरसादर करावी.'

गुणवंतराव खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "पोरी, कायले अंगावर ओढून घेतं? तुझ्या एकीच्या लिवन्यानं दिल्ली हालते का?"

"नाई हालली तर राहू द्या, सर. मी दुरुस्त करत नाई."

"नोकरी जाईन."

"जाऊ द्या."

आणि मी कॉम्प्युटर बंद केला. खरंच बंद केला. चार वाजले, साडेचार वाजले. कुणाचा फोन आला नाही. मला वाटलं, जिंकले. पाठवलंय ते पाठवलंय, आता काढून दाखवा म्हणावं.

गुरुवार होता. पोचू बाकावर बसला होता.

"नाव गेलं, पोचूभाऊ. रंजीताचं नाव दिल्लीले गेलं. मोठी समिती आहे, मंत्र्याले जाब विचारते."

त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "तिघायले हेमलकशाच्या दवाखान्यात न्याव म्हनत होतो. दोन दिवसाची वाट हाये, पोरं चालत नाई, उचलून न्या लागते. पन नाव गेलं म्हनता त गोळ्या इथीच येतीन ना?"

"येतील. थोडं थांबा," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

माझी नोकरी गेली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. कंत्राटी बाईनं वर उलट उत्तर द्यावं आणि कुणी ओरडूही नये, असं कधी होतं का?

मधल्या गुरुवारी पोचू यायचा, विचारायचा, जायचा. मी चंद्रपूरहून जमेल तशा कॅप्सूल आणत होते, आता तिघांच्या हिशेबानं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणंच झालं नाही. आईचं दुसरं ऑपरेशन नागपूरला होतं. पोचूनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एप्रिलमध्ये समितीचा अहवाल आला. एकशे बारा पानं. मी सगळी वाचली. एका पानावर कुणा सदस्यानं विचारलं होतं, जंगलभागातल्या तालुक्यांचे रकाने इतके कोरे कसे? त्या अनोळखी माणसाबद्दल मला केवढी माया वाटली! खात्याच्या प्रतिनिधींनी सांगितलं, माहिती थेट तालुक्यांकडूनच मागवली आहे. समितीनं त्याबद्दल समाधान व्यक्त केलं आणि पुढचा विषय घेतला.

शेवटी तक्ता होता. आमच्या तालुक्यापुढे लिहिलं होतं 'निरंक', आणि त्याला फुली. खाली फुलीचा खुलासा बारीक अक्षरात, 'दुरुस्त माहिती विहित मुदतीत अप्राप्त'.

परत आलेली माहिती धरत नाहीत, आणि चारनंतर न आलेली शून्य धरतात. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ते वाक्य दर आठवड्याला मीच टाइप करत होते, सहा केंद्रांना. मी बाणेदारपणे कॉम्प्युटर बंद केला होता, आणि त्या बंद कॉम्प्युटरनंच निरंक कळवलं होतं.

पोचू त्या गुरुवारी आला तेव्हा मोहाचे दिवस होते, त्याच्या कपड्यांना फुलांचा वास येत होता. मी त्याला पाणी दिलं, शेजारी बसले आणि सांगून टाकलं. रंजीताचं नाव कुठेही गेलेलं नाही, गोळ्या येणार नाहीत, आणि मागच्या वर्षी 'तुटवडा नाही' असं लिहिणारीही मीच.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त ग्लास खाली ठेवला.

"मंग थांबाचं काम नाई आता," तो उठत म्हणाला. "उद्याच नेतो हेमलकशाले. दोघंच हायेत, जमते. एकाले मी उचलतो, एकाले त्याचा बाप."

"दोघं?" मी म्हणाले. "तिघं होते ना, पोचूभाऊ?"

"होते," पोचू म्हणाला.

मग त्यानं पटक्याची गाठ सोडली, रिकामी पाकिटं माझ्या टेबलावर नीट रचून ठेवली आणि बसच्या वेळेला निघून गेला.